आकडा मला वाचू देणाऱ्या मेकॅनिकना

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण दुरुस्त करून दिलेल्या माझ्या जुन्या जेट-स्कीचे, म्हणजे पाण्यावर चालणाऱ्या स्कूटरचे, इंजिन आज सलग तिसऱ्या रविवारी बटण दाबताच सुरू झाले. पाण्यावरून परतल्याबरोबर हे पत्र लिहायला बसलो आहे, कारण त्या दिवशी आपला निरोप घेताना घसा दाटून आला आणि "येतो" यापलीकडे काहीच बोलता आले नाही.

ही टू-स्ट्रोक जेट-स्की मी दुसऱ्याकडून वापरलेली घेतली होती. काही दिवस ती उत्तम चालली, मग काही महिने झाकून ठेवावी लागली आणि त्यानंतर ती सुरूच होईना. स्टार्टर जोमाने फिरायचा, पण इंजिन पेट घेत नसे. आपल्याकडे येण्यापूर्वी मी तिघांचे उंबरे झिजवले. पहिल्याने बॅटरी बदलली. दुसऱ्याने प्लग बदलले आणि सोबत स्टार्टर मोटरही बदलली; जो स्टार्टर इंजिन नीट फिरवत होता तो का काढला, याचे उत्तर त्याने आजतागायत दिलेले नाही. तिसऱ्याने तर सीटसुद्धा न उचलता पिस्टन गेल्याचे सांगून टाकले, आणि "जुने घेताना डोळे उघडे ठेवायचे असतात" हे वाक्य चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवले. यंत्र बिघडल्याचे दुःख मी सोसले असते. पण आपण फसलो आणि वर मूर्खही ठरलो, ही भावना कित्येक दिवस पाठ सोडत नव्हती.

आपण मात्र पाना हातात घेण्याआधी विचारले, "शेवटची कधी चालली होती, आणि टाकीतले पेट्रोल कधीचे आहे?" एवढा साधा प्रश्न त्या तिघांपैकी एकालाही सुचला नव्हता. त्यानंतर आपण जे केले त्यासाठी खरे तर हे पत्र आहे. दोन्ही प्लग काढून आपण सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज बसवला, मला थ्रॉटल पूर्ण दाबून धरायला सांगितले, आणि काटा वर चढू लागताच गेजची तबकडी स्वतःकडून माझ्याकडे वळवली. "आकडा तुम्ही वाचा," असे म्हणून आपण एक पाऊल मागे सरलात. मी पहिल्या सिलिंडरचा 138 वाचला, दुसऱ्याचा 135. आपण दोन्ही आकडे पेन्सिलीने कागदावर माझ्याच हातून लिहवून घेतले आणि सांगितले, की अशा इंजिनांत साधारण 120 ते 150 पीएसआय दाब चांगला समजतात, दोन सिलिंडरमधला फरक 10 टक्क्यांच्या आत असावा लागतो, आणि म्हणून आपले पिस्टन शाबूत आहेत. "आपले" हा शब्द आपण सहज वापरला असेल, पण मी तो विसरलेलो नाही. ज्या यंत्राला एकाने न पाहताच मोडीत काढले होते, त्याच्या प्रकृतीचा पुरावा आपण माझ्या डोळ्यांसमोर धरला. माझ्याकडून विश्वासाची नुसती अपेक्षा केली नाही.

पुढचे काम आपण सहज उरकल्यासारखे केले. टाकीच्या तळातले पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ते स्थिर होऊ दिले, तेव्हा तळाशी साचलेला गढूळ थर मी स्वतः पाहिला. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल शोषून घेते, ओल वाढली की पाणी आणि इथेनॉल खाली बसते आणि नळी नेमके तेच ओढते, हे आपण त्या बरणीकडे बोट दाखवून समजावले. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधली बारीक जाळी चिकट गाळाने बुजली होती आणि पायलट जेटच्या, म्हणजे मंद गतीला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीच्या, छिद्रातून उजेडाचा कणही दिसत नव्हता. साफ केल्यावर तोच जेट आपण दिव्यासमोर धरून मला पुन्हा पाहायला लावला. त्या तिळाएवढ्या उजेडासाठी मी बॅटरी आणि मोटर बदलून बसलो होतो! टाकी तशीच भरून ठेवण्याची चूक माझी होती, हे आपल्याला स्पष्ट दिसत असूनही आपण एवढेच म्हणालात, की विकणाऱ्याने हे सांगायला हवे होते.

महोदय, कौशल्य असलेली माणसे मला याआधीही भेटली आहेत. पण समोरच्याला काही कळत नाही हे ओळखून त्या अज्ञानाचा फायदा न घेणे, उलट त्याला चार गोष्टी शिकवून ताठ मानेने घरी पाठवणे, ही सचोटी फार थोड्यांकडे असते. बदललेला स्टार्टर आधीच चांगला होता, हे सांगतानाही आपण त्या मेकॅनिकविषयी एक वावगा शब्द काढला नाही. मला ते जमलेले नाही, हे वर दिसतेच आहे.

आपण सांगितलेला क्रम मी कटाक्षाने पाळतो: इंजिन धुताना आधी इंजिन सुरू करून मग पाणी सोडायचे, आणि शेवटी आधी पाणी बंद करून मग इंजिन, म्हणजे एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. यंदा झाकून ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करीन. ते दोन आकडे लिहिलेला कागद मी सीटखालच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला आहे. हंगाम संपला, की दाब पुन्हा तपासून घ्यायला येईन; तेव्हाही गेज माझ्याच बाजूला वळवावा, एवढी विनंती.

आपला ऋणी,
एक गिऱ्हाईक