फ्लॅटच्या जाहिरातीसोबत भाडंही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शनिवार-रविवारचा पेपर उघडला की बातम्यांच्या आधी फ्लॅटची फुल पेज जाहिरात, आणि हल्ली सगळ्यांचं तुणतुणं एकच, २०२७ चा नाशिकचा सिंहस्थ कुंभ येतोय, रिंग रोड होतोय, समृद्धी महामार्ग झाला, आत्ताच बुक करा. अहो कुंभाला येणारा माणूस रामकुंडात डुबकी मारून गावाला जातो, तो काय पाथर्डी फाट्याला टू बीएचके घेणारे का? २०१५ च्या कुंभाच्या मागेपुढे काय झालं ते विसरलो वाटतं आपण. फ्लॅटमधल्या कपाटांची जागा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या मर्यादेत, मोजायची का याचा घोळ निघाला, बिल्डिंगा तयार पण कंप्लिशन सर्टिफिकेट मिळेना, वरून २०१६ ची नोटबंदी.

मी बघतो ते भाडं. समजा ५० लाखाचा फ्लॅट, ४० लाख लोन, साडेआठ टक्के, २० वर्षं, तर हप्ता बसतो ३४,७०० च्या आसपास. तोच फ्लॅट १३ हजार भाड्याने मिळत असेल तर वर्षाचे झाले दीड लाख, म्हणजे किमतीच्या तीन टक्के, एफडीला पण याच्यापेक्षा जास्त सुटतात. मग घेणारा कशावर घेतो, तर पुढे रेट वाढेल या आशेवर. भाडं मात्र असं फुगत नाही कारण ते सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पगारातून निघतं, लोन काढून कोणी भाडं भरत नाही.

आमच्या शेजारच्या सात मजली बिल्डिंगचा ताबा देऊन झालाय, सगळे फ्लॅट विकले गेलेत म्हणे, पण रात्री दिवे लागतात चार-पाच. बाकीच्या स्लायडिंगवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नाही, मालक मुंबईला, मेंटेनन्स थकलेला, आणि लिफ्ट बंद पडली की भांडतात राहणारेच.

एवढं असून रेट का उतरत नाहीत? एक तर बिल्डरने उघड रेट पाडला की आधी बुक केलेले ऑफिसात येऊन बसतात, म्हणून तो स्टँप ड्युटी फ्री, मॉड्युलर किचन फ्री असं करतो, आकडा तोच ठेवतो. दुसरं म्हणजे रेडी रेकनर, सरकारने एरियाप्रमाणे ठरवलेला जागेचा दर. त्याच्या खाली विकलं तरी स्टँप ड्युटी रेकनरवरच, आणि फरक दहा टक्क्यांच्या वर गेला की इन्कमटॅक्स घेणाऱ्याच्याही मागे आणि विकणाऱ्याच्याही. म्हणजे सरकारनेच खालून टेकू लावून ठेवलाय आणि २०२५ च्या एप्रिलला तो अजून वर केला.

महावितरणला कुठल्या मीटरचं युनिट शून्य येतं ते माहीत असतं, महापालिकेकडे घरपट्टीची यादी असते, दोन्ही जुळवून वॉर्डवार बंद फ्लॅटचा आकडा जाहीर करायला काय हरकत आहे? आणि तुम्हाला विनंती, लासलगावचा कांद्याचा भाव छापता तसं आठवड्यातून एकदा इंदिरानगर, आडगाव, म्हसरूळ, नाशिकरोडचं चालू भाडं पण छापा, त्या फुल पेज जाहिरातीच्या समोरच्याच पानावर.

आपला,
एक भाडेकरू, इंदिरानगर, नाशिक