घातांक खाली उतरला की मूळ संख्या सम होते

संपादक महोदय,

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेल्या प्रचंड मूळ संख्येविषयी छापताना घातांक बरेचदा खाली ओळीत उतरतो आणि ‘२१३६२७९८४१ − १’ असे वाचायला मिळते. ही वजाबाकी केली तर २१३६२७९८४० उरतात, म्हणजे दहाने भाग जाणारी दहा अंकी सम संख्या! खरी संख्या आहे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. घातांक वर चढवणे जमत नसेल, तर ‘२^१३६२७९८४१ − १’ असे तरी छापावे.

संख्या छापून संपणारी नाही, पण तिची ओळख कागदावर करून घेता येते. २ चा दहाच्या पायावरचा लॉगॅरिदम (१० चा कितवा घात घेतला की २ मिळतात, ती संख्या) ०.३०१०२९९९५६६४ घ्या आणि त्याला घातांकाने गुणा. उत्तर ४,१०,२४,३१९.९४५ च्या आसपास येते. पूर्णांकात १ मिळवला की अंकांची संख्या मिळते : ४,१०,२४,३२०. अपूर्णांकावरून सुरुवात कळते. १० चा ०.९४५३ वा घात सुमारे ८.८२, म्हणून पहिला अंक ८. इथे ०.३०१० एवढ्यावर भागवले तर अंकांची मोजणी चार हजारांहून अधिकने चुकते, कारण दशांशातली बारीकशी चूक साडेतेरा कोटींनी गुणली जाते.

शेवट त्याहून सोपा. २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक (पहिला घात सोडून) दर वीस घातांनी तेच येतात. १३६२७९८४१ ला २० ने भागल्यावर बाकी १, म्हणून २१ वा घात पाहायचा : २०९७१५२. शेवटी ५२, त्यातून १ गेला की ५१. नवाने भागल्यावरची बाकीही अशीच काढता येते. तिथे चक्र सहाचे आहे आणि बाकी ४ येते.

मात्र अशा चाचण्यांनी मूळत्व सिद्ध होत नाही. घातांक स्वतः मूळ असावा लागतो, पण तेवढे पुरत नाही : २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. घातांक ‘प’ ही विषम मूळ संख्या असेल, तर २^प − १ चा प्रत्येक मूळ विभाजक २ × क × प + १ या रूपाचा असतो (‘क’ ही पूर्ण संख्या). २३ आणि ८९ वर पडताळून पाहा; ‘क’ अनुक्रमे १ आणि ४ येतो. त्यामुळे छोट्या विभाजकांची चाळणी झटपट होते. पुढे मूळत्वाचा निर्णय देणारी ल्यूका-लेमर चाचणी : ४ पासून सुरुवात, वर्ग करून २ वजा, मग २^प − १ ने भागून बाकी ठेवायची. हे प − २ वेळा केल्यावर शून्य आले तरच संख्या मूळ. ३१ साठी (म्हणजे २^५ − १, प = ५) ४, १४, ८, ०. इथे संगणकाला भागाकार करावाच लागत नाही. द्विमान (फक्त ० आणि १ अंकांच्या) रूपात प अंकांच्या वरचा भाग तोडून खालच्या भागात मिळवला की बाकी तयार. अडचण वेगळीच आहे. कोट्यवधी वर्गांपैकी एकात जरी एक बिट (द्विमान अंक) उलटला, तरी पुढचे सगळे वाया जाते. म्हणून अधूनमधून पडताळणी करतात आणि निकाल वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या प्रणालींनी पुन्हा काढतात.

आणखी दोन गैरसमज. ही ‘५२ वी मर्सेन मूळ संख्या’ (मर्सेन म्हणजे २^प − १ या रूपाची) म्हणजे सापडलेल्यांपैकी ५२ वी. तिच्याहून लहान सगळ्या घातांकांची दुबार तपासणी झालेली नसल्याने मधली एखादी निसटलेली असू शकते. आणि बँकेच्या सांकेतिकीकरणाला ती उपयोगाची नाही. तिथे साधारण तीनशे अंकी, मुख्य म्हणजे गुप्त, मूळ संख्या लागतात; ही तर साऱ्या जगाला माहीत आहे.

– एक गणितप्रेमी वाचक