लेखांचे पत्ते बदलून आणि मजकूर बिघडवून झालेल्या नुकसानीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: एसईओच्या कामातील गंभीर चुका तातडीने दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

आमच्या संकेतस्थळावर शिलाई मशीनची देखभाल आणि दुरुस्ती यांवरचे लेख आहेत. ते सर्च इंजिनमध्ये नीट सापडावेत म्हणून एसईओचे काम तुमच्याकडे सोपवले. सहा आठवडे झाले, आणि आधी सापडत होते ते लेखही आता सापडेनासे झाले आहेत. तुमच्या ई-मेलमध्ये याचे खापर गूगलच्या अपडेटवर फोडले आहे. ते आम्हाला मान्य नाही. बिघाड तुम्ही केलेल्या बदलांत आहे आणि तो कोणालाही तपासून पाहता येतो.

आधी पत्त्यांचे. प्रत्येक लेखाचा यूआरएल, म्हणजे वेबवरचा पत्ता, लहान, रोमन अक्षरांतला होता. तो काढून तुम्ही अख्खे मराठी शीर्षक पत्त्यात घातले. मराठी पत्ता गूगलला चालतो, हरकत त्याला नाही. पण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकीय लिपी-संकेतात ३ बाइट घेते आणि पत्ता कॉपी करून कुठे चिकटवला की टक्केचिन्हांसह त्याची ९ अक्षरे होतात. नुसता ‘दोरा’ हा शब्द ३६ अक्षरांचा होतो. दहा शब्दांच्या शीर्षकाची चारशे-पाचशे अक्षरांची माळ होते, आणि ती मेसेजमध्ये अर्ध्यावर तुटते. पत्त्यातल्या शब्दांचा क्रमवारीवरचा परिणाम अगदीच किरकोळ असतो. तेवढ्यासाठी चालू पत्त्याला हात लावायचा नसतो.

लावलाच, तर जुन्या प्रत्येक पत्त्यावरून त्याच लेखाच्या नव्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे ‘पान कायमचे हलले’ असे सांगून आपोआप तिकडे नेणारी सूचना, हवा आणि तो किमान वर्षभर ठेवायला हवा. तुम्ही सगळे जुने पत्ते ३०२ ने, म्हणजे तात्पुरते म्हणून, थेट मुखपृष्ठावर नेले. बॉबिनमध्ये दोरा का गुंततो हे वाचायला आलेला माणूस मुखपृष्ठावर येऊन पडतो आणि परत जातो. गूगलही अशा सरसकट रीडायरेक्टला ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे पान उरलेच नाही, असे धरू शकते. मग त्या पानाला वर्षानुवर्षे मिळालेल्या लिंकांचा उपयोग नव्या लेखाला होत नाही.

त्यावर कडी म्हणजे, जुने पत्ते ज्या फोल्डरमध्ये होते तो फोल्डर तुम्ही रोबॉट्स डॉट टीएक्सटीमध्ये, म्हणजे कोणती पाने उघडू नयेत हे सर्च इंजिनांना सांगणाऱ्या फाइलमध्ये, ‘डिसअलाउ’ (मना) केला. ‘डुप्लिकेट दिसू नयेत म्हणून’ असे उत्तर मिळाले. ही समजूत मुळातच चुकीची आहे. ती फाइल क्रॉलरला, म्हणजे पाने वाचत फिरणाऱ्या सर्च इंजिनच्या प्रोग्रामला, पान उघडण्यापासून रोखते. पान इंडेक्समधून, म्हणजे सर्च इंजिनच्या पानांच्या नोंदीतून, काढत नाही. पान उघडताच येत नसेल तर त्यावरचा रीडायरेक्ट दिसत नाही, नोइंडेक्स (‘हे पान निकालांत दाखवू नका’ अशी खूण) लावला तर तोही दिसत नाही. म्हणूनच आज आमचे काही जुने पत्ते वर्णनाविना, नुसत्या शीर्षकाने निकालांत लटकलेले दिसतात. नव्या पानांचा कॅनॉनिकल टॅग, म्हणजे खरे पान कोणते ते सांगणारी खूण, अजून जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवतो, आणि साइटमॅपमध्येही, म्हणजे सर्च इंजिनला दिलेल्या पानांच्या यादीतही, जुनेच पत्ते आहेत. नवे पान म्हणते खरे पान जुने, जुने पान म्हणते मुखपृष्ठावर जा, आणि जुन्या पानाच्या दाराला कुलूप. यातून गूगलने काय समजायचे?

आता मजकूर. आम्हाला सर्वांत जास्त चीड याची आली आहे. दोरा तुटण्यावरच्या लेखाची सुरुवात अशी होती: ‘दोरा वारंवार तुटत असेल तर आधी सुई बदला. सुई बोथट किंवा उलटी बसली असेल तर टेन्शन कितीही सैल केले तरी दोरा तुटतच राहतो.’ वाचणाऱ्याला पहिल्या दोन ओळींत उत्तर मिळत होते. तिथे आता हे आहे: ‘शिलाई मशीन दोरा तुटणे ही शिलाई मशीन वापरणाऱ्यांची मोठी समस्या असून शिलाई मशीन दोरा तुटणे उपाय जाणून घेण्यासाठी हा लेख शेवटपर्यंत वाचा.’ हे मराठी नव्हे. लोक शोधताना विभक्ती गाळून शब्द टाकतात, म्हणून लेखातही त्या गाळायच्या नसतात. ‘मशीनचा दोरा तुटतो’ असे सरळ लिहिले तरी गूगलला त्याचा अर्थ लागतो. तुमच्या अहवालात ‘कीवर्ड डेन्सिटी’चा, म्हणजे शोधशब्द मजकुरात किती प्रमाणात येतो याचा, रकाना आहे. गूगलचे असे कोणतेही ठरावीक प्रमाण नाही. शब्द कोंबणे मात्र त्यांच्या स्पॅम धोरणात स्पष्ट नमूद आहे. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत दडवलेली शब्दांची यादीही त्याच धोरणात मोडते. मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) भरल्याचे काम तुम्ही वेगळे मोजले आहे. क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले.

‘अदृश्य अक्षरे साफ केली’ अशीही एक नोंद आहे. त्या सफाईत ‘दोऱ्याचा’चे सगळीकडे ‘दोर्याचा’ झाले. आमच्या मजकुरात ही जोडाक्षरे र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक (अक्षरे कशी जोडायची ते सांगणारे अदृश्य चिन्ह) आणि य अशी टाइप केलेली होती. जोडक उडवला की र चा रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांत फरक असतो, हे मराठी मजकुराला हात लावणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे.

वेगाचेही उलटे झाले आहे. वरच्या मुख्य चित्राला लेझी लोडिंग, म्हणजे चित्र गरज पडेल तेव्हाच मागवण्याची सोय, लावल्यामुळे ते उशिरा मागवले जाते आणि एलसीपी, म्हणजे पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, गूगलच्या २.५ सेकंदांच्या मर्यादेबाहेर जातो. लेझी लोडिंग खालच्या चित्रांना लावायचे असते.

आमच्या मागण्या अशा. सर्वांत आधी रोबॉट्स फाइलमधली ती ओळ काढा, नाहीतर पुढची दुरुस्ती गूगलला दिसणारच नाही. मग जुने रोमन पत्ते पुन्हा जिवंत करा आणि प्रत्येक मराठी पत्ता आपापल्या मूळ पत्त्याकडे ३०१ ने न्या. कॅनॉनिकल ज्याचा त्याच्याकडे, अंतर्गत लिंका थेट अंतिम पत्त्याला, साइटमॅपमध्ये फक्त चालू पाने आणि बदलाची खरी तारीख. मजकूर बॅकअपमधून जसाच्या तसा परत आणा. हाताने ‘दुरुस्त’ करू नका, कारण कोणता शब्द कुठे बदलला याची नोंद तुम्ही ठेवलेली नाही. दडवलेली यादी काढा. आमच्यासाठी विकत घेतलेल्या लिंका असतील तर त्यांची पूर्ण यादी द्या. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळ शोधात कसे दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या सेवेत, मालकाची परवानगी तुमच्या खात्याकडे आहे, ती आमच्याकडे सोपवा. पुढचे अहवाल इम्प्रेशनच्या, म्हणजे पान निकालांत किती वेळा नुसते दिसले याच्या, आलेखावर नकोत. प्रत्येक लेखाचे क्लिक, बदलाआधीच्या आणि नंतरच्या सारख्याच कालावधीसाठी, शेजारी शेजारी हवेत.

हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत जुन्या आणि नव्या पत्त्यांची जोडी दाखवणारी शीट आणि दुरुस्तीचे वेळापत्रक पाठवावे. तोपर्यंत आमच्या लेखी परवानगीशिवाय एकाही पानाला हात लावू नये. चुकीच्या बदलांसाठी आकारलेली रक्कम परत मिळावी, हीही आमची मागणी आहे.

कळावे,

संपादन व तांत्रिक विभाग

सोबत: बदलापूर्वीच्या पत्त्यांची यादी, रोबॉट्स फाइलची प्रत, सर्च कन्सोलमधील पानवार क्लिकचा तक्ता