वाळू सर्वांची, मग वाट का अडवता?

महोदय,
मढ परिसरात समुद्राकडे जाणाऱ्या एका जुन्या बोळाला लोखंडी फाटक लागले आहे आणि वर पाटी: 'खासगी किनारा'. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार भरतीरेषेखालचा समुद्रतळ शासनाचा आहे. बंगला कितीही मोठा असो, ओली वाळू कुणाच्या सातबाऱ्यावर चढत नाही. शासन किनाऱ्याचे विश्वस्त आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच कमलनाथ खटल्यात बजावले.

पण वाळूपर्यंत पोचायचे कुठून? मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन कोळणींना लांबचा वळसा पडतो, हे संतापजनक आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी वहिवाटीच्या वाटा मोजून नकाशावर आणाव्यात आणि अशी फाटके पावसाळ्याआधी काढायला लावावीत.

– एक वाचक, मालाड (पश्चिम)