पाइपची चव नाकात

संपादक महोदय,

तंबाखूचा पाइप ओढण्यावरील आपला लेख वाचला. नवशिक्याची खरी अडचण त्यात राहूनच गेली: चवच लागत नाही. पहिले दोन महिने मला फक्त गरम वाफ आणि पोळलेली जीभ मिळाली. झुरके भराभर घेत होतो, तंबाखूही ओलसर होती. मग ती तासभर कागदावर पसरून सुकवली, श्वासाच्या लयीत सावकाश झुरके घेतले, तोंडातला थोडा धूर नाकावाटे सोडला. त्या दिवशी व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूतला वाळल्या गवतासारखा गोडवा प्रथम कळला! लाकडाच्या धुरावर सुकवलेली लताकिया तंबाखू मात्र लगेच ओळखू येते. ती इतर चवी झाकते, म्हणून सुरुवात तिच्यापासून नको. आणि धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, हे लेखात छापायला हवे होते.

एक वाचक