गुणांत नको, संधीत सवलत हवी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांतील अंतर्गत गुणांवर आपल्या दैनिकात येणाऱ्या वाचकपत्रांत ‘खिरापत’ हा शब्द हमखास असतो. कळव्यातील एका अनुदानित मराठी शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. तो शब्द मला झोंबतो, पण खोटा म्हणवत नाही.

नियमांत खोट फारशी नाही. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. सातवी-आठवीला आकारिक (शिकवता शिकवता वर्गात होणाऱ्या) मूल्यमापनाचे प्रमाण ४० टक्के आणि संकलितचे (सत्राअखेरच्या परीक्षेचे) ६० टक्के ठरले, तर पहिली-दुसरीला तेच ७० आणि ३०. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनेही शिक्षकाच्या हाती दिली गेली. प्रत्यक्षात सत्र संपता संपता नोंदवही पुढ्यात ओढून एका बैठकीत सगळे रकाने भरले जातात. मीही कित्येक वर्षे तसेच भरले आहेत.

यावर अंतर्गत गुण बंदच करा, असे काही जण सुचवतात. दहावीच्या भाषा विषयांचे २० अंतर्गत गुण तसे बंद करून झाले. मार्च २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला निकाल मार्च २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला (बदललेला अभ्यासक्रम हेही त्याचे एक कारण होते) आणि पुढच्याच वर्षापासून ते गुण परत आले. त्या २० गुणांत नेमके काय तपासायचे, हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिला.

माझ्यापुरते मी एक ठरवले आहे: कसोटी सर्वांना एकच आणि आधी सांगितलेली असावी, तिला उतरण्याची वाट मात्र मुलागणिक वेगळी असली तरी चालेल. घरून करून आणायचे प्रकल्प मी बंद केले, कारण त्यांत स्टेशनबाहेरच्या स्टेशनरी दुकानाचे आणि पालकांच्या रविवारचे मूल्यमापन होत होते. पाणी गाळण्याचे साधन मुलांनी वर्गातच, कापलेल्या बाटलीत कापूस, खडी आणि वाळू भरून केले. थरांचा क्रम, त्या क्रमाचे कारण आणि निरीक्षणाची नोंद यांना किती गुण, ते आधीच फळ्यावर लिहिले होते. सुबकतेला एकही गुण नव्हता. एका मुलाने खडी वर आणि वाळू खाली भरली, त्यामुळे वाळू कापसाच्या कडेने पेल्यात उतरली आणि पाणी गढूळच राहिले. तो पेल्याकडे बघत म्हणाला, “बाई, खडी खाली नाही ना, वाळूला अडवायला कोणी नाही.” क्रमाचे गुण गेले, कारणाचे पूर्ण मिळाले. जिची बाटली देखणी होती आणि पाणीही स्वच्छ आले होते, त्या मुलीला खडी खाली का, हे सांगता आले नाही. तिचे वडील विचारायला आले, तेव्हा फळ्यावरचा तपशील मी वहीत उतरवून ठेवलेला होता. ते खूश झाले नाहीत, पण वाद तिथेच मिटला.

फेरचाचणीचे कोडे मात्र मला मुलांनीच सोडवायला लावले. जुलैत रुळांवर पाणी आले आणि दिवा-मुंब्र्याकडून येणारी अकरा मुले चाचणीला पोहोचली नाहीत. त्यांची चाचणी पुन्हा घेण्याचे मी जाहीर केले, तेव्हा एक मुलगी उभी राहिली: “मी गुडघाभर पाण्यातून आले, मग मला का नाही?” तिचे बरोबर होते. आता कोणालाही दुसऱ्यांदा बसता येते, प्रश्न बदलतात पण काठिण्य तेच राहते, आणि बसणाऱ्याचे नंतरचेच गुण धरले जातात, मग ते कमी का असेनात. या एका अटीने उगाच नशीब आजमावणारे गळाले.

लिहिताना अडखळणाऱ्या मुलांबाबत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा (वाचन-लेखनातील अशा अडचणींचा) समावेश आहे, परंतु प्रमाणपत्रासाठी हातावर पोट असलेल्या पालकांना रोजगार बुडवून रुग्णालयाच्या खेपा घालाव्या लागतात. तोवर त्याच प्रश्नाचे उत्तर तोंडी ऐकायला कोणता नियम आडवा येतो?

पन्नासच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत आणि मतदारयाद्यांच्या कामातून वेळ काढून हे सर्व विषयांना जमेल, असा माझा दावा नाही. मला जेमतेम एका विषयात जमते. शिक्षण विभागाला विनंती एवढीच की, नोंदवही तपासायला येणाऱ्यांनी रकाने भरले आहेत की नाही हे पाहून सही करण्याऐवजी कोणत्याही दोन मुलांचे काम काढायला सांगावे आणि त्यांच्या गुणांतील फरकाचे कारण शिक्षकाला विचारावे. त्याला पाच मिनिटेही लागणार नाहीत.

आपली,
एक शिक्षिका,
कळवा, ठाणे