टिटवीतली टि ऱ्हस्व

नागपूर,
बुधवार, रात्रीचे ११

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी आधी ठेवला, हे कबूल करतो. तू बोलत होतीस आणि मी ठेवला. तीन दिवस तुझा आवाज नाही. सकाळी ८ ला तुझं चित्र येतं, तेवढ्यावरून आम्ही दोघं समजून घेतो की तू बरी आहेस. आज ८ वाजून २० मिनिटं झाली तरी आलं नव्हतं, तर तुझी आई गॅस बंद करून मोबाइल हातात धरून गच्चीच्या जिन्यावर जाऊन उभी राहिली. मग आलं. अर्जाला टाचणी नाही म्हणून तुझा साळिंदर बाबू पाठीतला काटा उपटून लावतो, आणि वर म्हणतो, "शाई मात्र तुमची." आई मोठ्याने हसली आणि डोळे पुसत खाली आली. पोह्यांवर तर्री घालायची राहूनच गेली.

गाढवाचा विषय या पत्रात काढायचा नाही, असं ठरवून लिहायला बसलो आहे.

आत्याचं दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे गेलं, साखर वाढली म्हणून. बंड्याने मागचं फाटक बदललं. मृग बहाराची संत्री आली आहेत, पण पुण्याला पाठवेपर्यंत मऊ पडतील म्हणून बर्फी पाठवतो. मामाला तुझा नवा पत्ता दिलेला नाही. त्या प्रकरणानंतर कोणालाच काही द्यायला नको वाटतं.

तू टाकलेला बाल्कनीचा फोटो पाहिला. कढीपत्ता चांगला धरला आहे. पण मागच्या भिंतीवर सोसायटीचं नाव स्वच्छ वाचता येतं. मला मोतीबिंदू असून वाचता आलं, म्हणजे ज्याला वाचायचं आहे त्याला येईलच. तो फोटो काढून टाक. गाढवाचं चित्र काढ असं मी म्हणत नाही, फोटो काढ म्हणतो.

निघालाच विषय. आता निघालाच आहे, तर एकदा नीट लिहितो.

ते चित्र मला आवडलं होतं, अनू. रविवारी हे सांगायचं राहिलं आणि बाकीचं सगळं सांगितलं. फेटा बांधलेलं गाढव कोरड्या विहिरीचं उद्घाटन करतं, "पाणी मागाहून येईल, आधी फीत कापू" म्हणतं, आणि कडेला टिटवी उताणी पडून, पाय वर करून, "मी आभाळ धरून राह्यली ना भाऊ, टाळ्या कशा वाजवू?" टिटवी आभाळ पेलायला पाय वर करून झोपते, ही तुझ्या आजीची गोष्ट. तू ती वऱ्हाडी बोलीत तशीच ठेवलीस. चारच चौकटी, पण टिटवीचं ते वाक्य आजीच्या तोंडचं वाटलं. ३१ वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासली आहेत, जिवंत वाक्य मला ओळखता येतं.

तुझ्या त्या गाढवात कोणीतरी आपला साहेब ओळखला, यात तुझा दोष नाही. तालुक्याच्या ग्रुपवर त्या माणसाचा फोटो आणि तुझं चित्र शेजारी शेजारी लावून फिरवलं, ते बंड्याने मला दाखवलं. खाली काय काय लिहिलं होतं तेही दाखवलं. "घर माहीत आहे" असं एकाने लिहिलं होतं. कोणाचं घर, तुझं की आमचं, ते लिहिलं नव्हतं. मी ते वाचलं आणि तुला फोन लावला. पाच मिनिटं थांबलो असतो तर बरं झालं असतं.

तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही छापखान्यात आयुष्य काढलं आणि तुम्ही मला काढून टाक म्हणता?" त्याचं उत्तर तेव्हा सुचलं नाही. आता देतो.

आमच्याकडे एक चित्र छापलं जायचं तेव्हा ते सहा-सात जणांच्या हातातून जायचं. चित्रकार काढायचा, उपसंपादक बघायचा, ओळ जुळारी जुळवायचा, मी वाचायचो, पान लावणारा लावायचा, आणि रात्रपाळीचा मुख्य उपसंपादक "सोडा पान" म्हणायचा तेव्हा ते खाली जायचं. यातला कोणीही "थांब" म्हणू शकत होता. पुष्कळदा उगाच म्हणायचे, चांगली चित्रं मेली त्यात, तुझं म्हणणं खरं आहे. तू रात्री दोनला टॅबलेटवर शेवटची रेघ ओढतेस, वेळ लावतेस, झोपतेस. सकाळी तू उठायच्या आत ते हजारो लोकांच्या हातात असतं. मध्ये कोणी नाही.

माझ्या डाव्या भुवईवर खूण आहे. लहानपणी तू तिच्यावर बोट ठेवून विचारायचीस आणि मी सांगायचो, सायकलवरून पडलो. मी सायकलवरून पडलो नव्हतो. १९९४ चा पावसाळा होता, तू जन्मायच्या आधी. आमच्या चित्रकाराने एक चित्र काढलं होतं. त्यातही जनावरच होतं, बोकड. दुपारी तीनच्या सुमाराला चाळीसेक माणसं कचेरीवर आली. संपादक पायात चपला न घालता जिना उतरून दारात गेले. आम्ही वरून ऐकत होतो. त्यांनी सांगितलं, "संपादक मी आहे. चित्र मी छापलं. काढलं कोणी, ते विचारायचं नाही." एवढंच. आवाजही चढवला नाही. चित्रकार माझ्या टेबलाखाली पाय दुमडून बसला होता, त्याच्या हातातला चहा सांडून माझ्या गॅल्यांवर, म्हणजे प्रुफांच्या पट्ट्यांवर आला. एक दगड काच फोडून आत आला, तिचा तुकडा मला लागला. पण जिना कोणी चढलं नाही. दारात एक माणूस उभा होता म्हणून नाही चढले.

तुझ्या दारात कोण उभं आहे? रविवारी मला हे विचारायचं होतं. तोंडातून निघालं "काढून टाक ते."

तू मला त्या पोगोची गोष्ट ऐकवलीस, ती मी नीट वाचून काढली. बंड्याने इंटरनेटवरून काढून दिली. वॉल्ट केली या अमेरिकी व्यंगचित्रकाराची ती चित्रमालिका. जॉर्जियातल्या दलदलीत राहणारी बोलकी जनावरं, मधला पोगो हा ओपॉसम, मांजराएवढं एक अमेरिकी जनावर. १९५३ साली त्याने मॅकार्थी या सिनेटरचा चेहरा एका रानमांजराला दिला. ज्याचं नाव घ्यायला मोठमोठे लोक घाबरत होते, त्याला मिशा लावून दलदलीत सोडलं. पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका दैनिकाने सांगितलं, हा चेहरा पुन्हा दिसला तर तुमची मालिका बंद. तर केलीने रानमांजराच्या डोक्यावर पिशवीच घातली, आणि कारण काय, तर प्रॉव्हिडन्सहून एक कोंबडी आली आहे, तिने तोंड पाहू नये! वाचून मी एकटाच हसलो रात्री.

पण तू एक गोष्ट सांगितली नाहीस, ती मी शोधली. एखादं चित्र संपादकांना झेपणार नाही असं वाटलं की केली त्याच दिवसासाठी दुसरं एक चित्रही काढून द्यायचा, सशांचं. गोंडस ससे, निरुपद्रवी विनोद. ज्याला भीती वाटेल त्याने ससे छापावेत. आणि वाचकांना तो सांगायचा, तुमच्या पेपरात ससे दिसले तर समजा की तुमच्या संपादकाला वाटतं तुम्हाला स्वतःचा विचार करता येत नाही.

मला म्हणायचं होतं की तूही चार-पाच ससे काढून ठेव. एखाद्या रात्री मन घट्ट नसेल तर त्या दिवशी ससे जाऊ देत. कमीपणा नाही त्यात. हे मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. केलीचे ससे संपादकांच्या भीतीसाठी होते. तुझे ससे माझ्या भीतीसाठी होतील. मागे घेतो.

आधार शोधायला मी पंचतंत्रापर्यंत गेलो. वाटलं, जनावरांच्या तोंडून राजाला सुनावणं ही आपली जुनी रीत, करटक आणि दमनक हे दोन कोल्हे दरबारातल्या प्रत्येक लबाडीवर बोलतात, आणि विष्णुशर्म्याला कोणी काही केलं नाही. मग पुढे वाचलं. त्या दोन कोल्ह्यांच्या नावावरून अरबीत 'कलिला व दिम्ना' झालं. आठव्या शतकात ते ज्याने अरबीत आणलं, तो इब्न अल-मुकफ्फा तरुणपणीच सत्तेच्या माणसांकडून मारला गेला. कारण राजकारणाचं होतं, पुस्तकाचं नव्हतं, असं म्हणतात. मी पुस्तक मिटलं आणि ग्रंथालयातून घरी आलो. मला नको ते नेमकं सापडतं हल्ली.

पालघरच्या त्या दोन मुलीही डोक्यातून जात नाहीत. नोव्हेंबर २०१२. एकीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने नुसतं लाइक केलं, आणि दोघींना अटक. ती बातमी माझ्या टेबलावरून गेली होती. मी तिच्यात एक अनुस्वार दुरुस्त केला आणि घरी येऊन तू झोपलीस का ते बघितलं. तू म्हणशील, ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. केलं. त्याचंही प्रूफ मी वाचलं आहे. पण ग्रुपवर लिहिणारी माणसं कलम बघून लिहीत नाहीत, बेटा.

पुन्हा पुन्हा तेच लिहितो आहे, ते मला दिसतंय. एकच परिच्छेद तीनदा जुळवला गेला असता तर मी तांबड्या पेनाने दोन कापले असते. स्वतःचे कापवत नाहीत.

आता दुसरं. कंपनी सोडलीस तेव्हा मी तुला रोहन चक्रवर्तींचं उदाहरण उलटं दिलं होतं. आपल्या नागपूरचाच मुलगा, आधी दातांचा डॉक्टर झाला, मग नागझिऱ्यात वाघीण पाहिली आणि जनावरांची व्यंगचित्रं काढू लागला. मी म्हटलं, बघ, त्याने आधी डिग्री घेतली. तू म्हणालीस, "मीपण घेतली आहे बाबा, अभियांत्रिकीची." माझ्या लक्षातच नव्हतं आलं. त्यांच्या 'ग्रीन ह्यूमर'ची कात्रणं तुझ्या आईने तांदळाच्या डब्यावरच्या फडताळात जपली आहेत, तुला माहीत नाही. धनेश, खवल्या मांजर, बेडूक, सगळे बोलतात, आणि वाचून झाल्यावर माणसाला जंगलाचं काही कळलेलं असतं. भारतातली ही पहिली चित्रमालिका, जी पेपरांना चित्रमालिका पुरवणाऱ्या त्या मोठ्या अमेरिकी सिंडिकेटने जगभर ऑनलाइन दिली. नागपुरातून हे होऊ शकतं, हे मला माहीत होतं. तुझ्याकडून होईल का याची खात्री नव्हती, आणि ती नव्हती हे मी तुला कळू द्यायला नको होतं.

तू सांगितलेली ती इंटरनेटवरची चित्रमालिका, 'केविन अँड केल', तीही बघायला लागलो आहे. १९९५ च्या सप्टेंबरपासून चालू! म्हणजे तुझ्याएवढी. नवरा ससा, बायको लांडगीण, ती ज्या कंपनीत नोकरी करते तिचं कामच शिकार, आणि घरी येऊन सशाबरोबर संसार. तुझ्या आईला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "यात काय नवल, आपल्या मावशीचं तसंच तर होतं." होलब्रुक नावाचा हा गृहस्थ इतकी वर्षं रोज ते काढतो आहे. रोज! त्याचं मला जास्त अप्रूप वाटलं. रोजचं पान सोडणाऱ्याला कळतं त्यात काय आहे. तुझी दीड वर्षं झाली. त्यातल्या एकाही सकाळी तू चुकली नाहीस, तापात होतीस त्या आठवड्यातही नाही. मी मोजत होतो.

दार आतून लावत जा. ओला-उबर केलीस तर आईला लोकेशन पाठव. ते धमक्यांचे मेसेज पुसू नकोस, तारखेसकट स्क्रीनशॉट काढून मला पाठव, मी प्रिंट काढून फाइल करतो. वकील काकांशी बोललो आहे. त्यांनी सांगितलं, फाइल हवी. पुसलेलं कामाचं नाही.

आणि एक मागायचं आहे. नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही.

तुझ्या चित्रांतल्या संवादाच्या फुग्यांची प्रुफं मला पाठव. रात्री एकपर्यंत मी तसाही जागा असतो, जुनी सवय. मी "थांब" म्हणणार नाही. शब्द देतो. फक्त वाचीन, ऱ्हस्व-दीर्घ बघीन. आणि चित्राखाली कोपऱ्यात तुझं नाव असतं ना, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'मुद्रितशोधन' म्हणून माझं नाव टाक. आडनावासकट पूर्ण. कोणाला विचारायचंच असेल तर दोन नावं दिसू देत, त्यातलं एक ६७ वर्षांच्या माणसाचं, आणि त्याचं घर त्यांना माहीतच आहे.

गाढवाच्या चित्रावरही टाक. ते काढू नकोस.

आई म्हणते, बर्फी आल्यावर दोन ओळी लिही, फोन नाही केलास तरी चालेल. मला मात्र फोन कर.

तुझा,
बाबा

ता. क. सोमवारच्या चित्रात दुसऱ्या चौकटीत 'टीटवी' झालं आहे. टिटवीतली टि ऱ्हस्व.